बहुरूपी मूलद्रव्ये

विडी आणि काडेपेटी ही सोलापूरची जुनी जोडी. शहराच्या पूर्व भागात घरोघरी बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात आणि त्या विड्या पुढे जिथे जिथे ओढल्या जातात तिथे काडेपेटी असतेच. विडीने छातीचे काय होते ते डॉक्टर सांगतील. आपल्याला आज पाहायची आहे ती काडेपेटी.

वाचकहो, घरातली एक काडेपेटी हाती घ्या. तिच्यातली काडी भिंतीवर घासा, उंबऱ्यावर घासा, चपलेच्या तळव्यावर घासा. सहसा ती पेटत नाही. तीच काडी पेटीच्या बाजूच्या तपकिरी पट्टीवर हलकेच ओढा, की भुर्रकन पेटते. याचा अर्थ असा की काडीच्या गुलात जे नाही असे काहीतरी त्या पट्टीत आहे. ते म्हणजे तांबडा फॉस्फरस. आमचे शेतकरी ज्याला स्फुरद म्हणतात आणि खताच्या पोत्यावर ज्याचा आकडा वाचतात, तेच हे मूलद्रव्य. खतात ते दुसऱ्या द्रव्यांशी संयोग पावलेले असते. पट्टीवर मात्र ते सुटे, एकटे असते.

आता मौज अशी आहे की या फॉस्फरसला एक पांढरा भाऊ आहे. भाऊ तरी कसे म्हणावे? तो तोच आहे. दोघांचे अणू एकाच जातीचे. एकात आहे आणि दुसऱ्यात नाही असा एकही अणू तुम्हाला दाखवता येणार नाही. आणि तरीही तांबडा फॉस्फरस उघड्यावर वर्षानुवर्षे पडून राहतो, तर पांढरा पाण्याखाली बुडवून ठेवावा लागतो. तांबडा पेटायला सुमारे अडीचशे अंश उष्णता लागते. पांढरा तीस-पस्तीस अंशांवर आपोआप पेट घेतो. सोलापूरच्या वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो हे तुम्हाला सांगायला नको. अशा दुपारी पांढऱ्या फॉस्फरसचा तुकडा ओसरीवर ठेवला, तर काडी लावण्याची गरजच पडणार नाही. तांबडा शुद्ध असेल तर तो पोटात गेला तरी अंगात जवळजवळ शोषला जात नाही. पांढरा मात्र जालीम विष आहे.

एकच द्रव्य, आणि वागणुकीत इतका फरक! हे कसे घडते?

हे समजून घ्यायला सोलापूरकराला लांब जायला नको, मागापर्यंत गेले म्हणजे झाले. एकाच गिरणीचे, एकाच नंबरचे सूत घ्या. जॅकार्डच्या मागावर घट्ट विणले तर त्याची जाड, नक्षीची चादर होते. विणताना वर धाग्यांचे फासे सोडत गेलात तर टॉवेल होतो आणि तो पाणी पितो. विरळ विणले तर मच्छरदाणी होते, तिच्यातून वारा आरपार जातो. सूत तेच, बदलली ती वीण. मूलद्रव्यांचे असेच आहे. अणू कोणते एवढ्यावर पदार्थाचे गुण ठरत नाहीत. ते अणू एकमेकांना किती हातांनी, कोणत्या कोनात आणि किती अंतरावर धरून बसले आहेत, त्यावरही ते ठरतात. एकाच मूलद्रव्याच्या अशा निरनिराळ्या रूपांना शास्त्रज्ञ अपरूपे म्हणतात. पाश्चात्त्य भाषांतले नाव स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी १८४१ मध्ये दिले. आपल्या बोलीत ज्याचे आपल्याला अप्रूप वाटते ते अप्रूप निराळे. ते ‘अपूर्व’ या शब्दावरून आले. पण या विषयापुरते दोन्ही शब्द शोभतात.

बहुरूपी दारात येतो, आज पोलीस होतो, उद्या साधू होतो, पण झग्याखालचा माणूस तोच राहतो. मूलद्रव्याचे सोंग याहून सखोल असते. तिथे सोंग बदलले की स्वभावच पालटतो.

पांढऱ्या फॉस्फरसचेच पाहा. त्यात चार-चार अणूंच्या टोळ्या असतात. प्रत्येक अणू उरलेल्या तिघांचा हात धरून बसलेला, त्यामुळे चारी कोपऱ्यांचा एक छोटा सुळका तयार होतो. पण एवढ्या अडचणीत बसायचे म्हणजे हात फार वाकवावे लागतात. दाबून धरलेल्या कमानीसारखा त्यात ताण असतो, आणि प्राणवायू भेटला की ही चांडाळचौकडी लगेच फुटते. पांढरा फॉस्फरस हवा बंद करून अडीचशे-तीनशे अंशांवर तापवत ठेवला, म्हणजे या चौकड्यांचा एकेक हात सुटतो आणि तो शेजारच्या चौकडीला धरतो. हळूहळू लांबच लांब साखळ्या गुंफल्या जातात, ताण उतरतो, रंग तांबडा होतो आणि विष ओसरते. काडेपेटीच्या पट्टीवर हीच गोष्ट क्षणभर उलट घडते. घासण्याच्या उष्णतेने तांबड्या फॉस्फरसचा एखादा सूक्ष्म कण साखळी सोडून चौकडीत येतो, पेटतो, आणि गुलातल्या पोटॅशियम क्लोरेटमधून सुटणाऱ्या प्राणवायूवर ती ठिणगी फोफावते. म्हणजे चहासाठी स्टोव्ह पेटवणारी गृहिणी रोज सकाळी एका मूलद्रव्याचे सोंग बदलून दाखवत असते!

फॉस्फरसचा शोध १६६९ मध्ये हॅम्बुर्ग शहरात लागला. हेनिग ब्रांट नावाचा एक किमयागार लघवी आटवून सोने काढण्याच्या खटपटीत होता. सोने नाही, पण अंधारात चमकणारा एक पांढरा मेणचट पदार्थ त्याच्या हाती लागला. पुढे एकोणिसाव्या शतकात काड्या करण्याचा धंदा सुरू झाला तेव्हा गुलात घातला गेला तो हाच पांढरा फॉस्फरस. ती काडी कुठेही घासली तरी पेटे. लोकांना सोय झाली. किंमत मोजली ती काड्या करणाऱ्यांनी.

कारखान्यात फॉस्फरसची वाफ दिवसभर नाकातोंडात जाई. आधी दात दुखू लागत, मग हिरड्या सुजत, आणि पुढे जबड्याचे हाडच कुजू लागे. तोंडाला अशी दुर्गंधी सुटे की घरची माणसेही जवळ बसेनात. पुष्कळदा जबडा कापून काढावा लागे. काही जणी त्याआधीच मरत. ‘काही जणी’ म्हणतो, कारण या कामावर बहुतेक बायका आणि मुलीच असत.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. तांबडा फॉस्फरस तोवर कोणाला ठाऊकच नव्हता असे नाही. व्हिएन्नाचे आंटोन श्रोटर यांनी १८४० नंतरच्या दशकातच तो तयार करून, हे फॉस्फरसचेच दुसरे रूप आहे हे सिद्ध केले होते. स्वीडनचे पाश यांनी १८४४ मध्ये फॉस्फरस काडीवरून काढून पेटीच्या बाजूवर नेण्याची युक्ती शोधली, आणि लुंडस्ट्रोम बंधूंनी तांबडा फॉस्फरस वापरून तिचा धंदा उभा केला. लंडनच्या ब्रायंट अँड मे या मोठ्या कंपनीने तर १८५५ च्या सुमारास या निर्धोक काडीचे इंग्लंडपुरते हक्क विकत घेतले. म्हणजे हिच्याच घरी दोन्ही काड्या होत होत्या. पण पांढऱ्या फॉस्फरसची काडी स्वस्त पडे आणि कुठेही पेटे म्हणून खपे. तेव्हा तीही चालू राहिली.

जून १८८८ मध्ये या कारखान्यातल्या मुलींच्या हालांवर एका बाईंनी जळजळीत लेख लिहिला. त्या बाई म्हणजे ॲनी बेझंट. होय, त्याच, पुढे हिंदुस्थानात येऊन होमरूलची चळवळ उभारणाऱ्या आणि १९१७ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षा झालेल्या. लेखानंतर कारखान्यात जोरजबरदस्ती झाली, एका कामगार बाईला काढून टाकले, आणि जुलैत सुमारे चौदाशे बायकामुली काम टाकून बाहेर पडल्या. त्यांच्या मागण्या दंड बंद करा अशा साध्याच होत्या. त्यांतली एक मात्र आपल्या विषयाशी बांधलेली आहे. जेवायला वेगळी खोली द्या, असे त्या म्हणत होत्या. कारण ज्या बाकावर फॉस्फरस, त्याच बाकावर भाकरी अशी स्थिती होती. संप त्यांनी जिंकला. पांढरा फॉस्फरस मात्र त्या कारखान्यातून जायला १९०१ उजाडले.

देशोदेशींचे कायदे तसे उशिराच आले. फिनलंडने १८७२ मध्ये बंदी घालून वाट दाखवली होती. १९०६ मध्ये बर्न येथे अनेक राष्ट्रांनी मिळून करार केला. आपल्याकडे पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांना मनाई करणारा कायदा झाला तो १९१३ मध्ये. म्हणूनच पुढे १९२३ मध्ये स्वीडिश भांडवलावर वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी निघाली आणि मुंबईजवळ अंबरनाथला तिचा काड्यांचा कारखाना सुरू झाला, तेव्हा आमच्या कामगारांना जबड्याच्या त्या रोगाला तोंड द्यावे लागले नाही. तांबडे रूप शोधले गेल्यापासून पांढऱ्या रूपावर बंदी येईपर्यंत साठाहून अधिक वर्षे गेली. या काळात रसायनशास्त्राचे काही अडले नव्हते. अडले होते ते पैशापाशी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पांढरा फॉस्फरस, जो उजेडात ठेवला की पिवळट पडतो म्हणून पिवळा फॉस्फरसही म्हणतात, तो आपल्या दारातून पुरता गेला असे मात्र समजू नका. उंदीर मारण्याच्या काही मलमांत तो सुमारे तीन टक्के घातलेला असतो. दिसायला ही नळी दात घासायच्या पेस्टसारखी, आणि धोका नेमका तिथेच आहे. मुलाच्या तोंडात हे मलम गेले तर पहिल्या दिवशी ओकाऱ्या होतात, पोट दुखते, आणि मग एक-दोन दिवस मूल बरे झाल्यासारखे दिसते, खेळूही लागते. घरचे म्हणतात, चला, निभावले. परंतु आत यकृतावर घाला पडत असतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ दिसू लागते. या विषावर नेमका असा उतारा नाही. तेव्हा मूल हसते-खेळते आहे याच्यावर जाऊ नका. पहिल्या तासाभरातच मोठे इस्पितळ गाठा आणि ती नळी बरोबर न्या, म्हणजे डॉक्टरांचा वेळ वाचेल. त्याहून बरे म्हणजे असले मलम घरात आणूच नका. उंदरासाठी पिंजरा आहे.

फॉस्फरसला आणखी एक काळे रूप आहे. १९१४ मध्ये अमेरिकेच्या ब्रिजमन यांनी पांढरा फॉस्फरस वातावरणाच्या हजारो पट दाबाखाली तापवला तेव्हा ते हाती आले. त्यात अणू थरांवर थर असे रचलेले असतात, आणि सर्वांत शांत, सर्वांत टिकाऊ असे ते रूप आहे. दिसायला ते शिसपेन्सिलीच्या कांडीसारखे. आणि शिसपेन्सिल म्हटली की आपण आपोआप कार्बनच्या घरात येतो.

हा कार्बन तर बहुरूप्यांचा राजा. आषाढी-कार्तिकीला पंढरपुरी जमणाऱ्या वारकऱ्याच्या कपाळी जो काळा बुक्का असतो, तो कोळशाच्या पुडीत सुगंधी द्रव्ये मिसळून केलेला. कोळसा म्हणजे मुख्यतः कार्बन. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत घालायचे काजळ, तेही दिव्यावर धरलेले कार्बनचेच पूट. आता पंढरपूरच्या वाळवंटातून पाण्याबरोबर खाली चला. चंद्रभागा म्हणजे भीमा. ती सोलापूर जिल्हा ओलांडून पुढे कृष्णेला मिळते. आणि कृष्णेच्या काठाने आणखी खाली गेलात तर आंध्रातले कोल्लूर लागते. गोवळकोंड्याचे हिरे म्हणून जगात ज्यांचा डंका वाजला, त्यांतले नामांकित हिरे या कोल्लूरच्या खाणींतले. सतराव्या शतकात ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या या खाणी पाहून गेला आणि त्याने त्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे. म्हणजे एकाच पाण्याच्या वरच्या अंगाला वारकऱ्याच्या कपाळी कार्बन, खालच्या अंगाला बादशहाच्या मुकुटात कार्बन!

हिरा म्हणजे कोळशाचाच सख्खा, हे प्रथम ऐकणाऱ्याला पटत नाही. त्या काळच्या विद्वानांनाही ते पटायला जड गेले. १७७२ मध्ये पॅरिसला लाव्हाझिए यांनी मोठ्या भिंगाने सूर्याची किरणे हिऱ्यावर एकवटली. बंद भांड्यातला तो हिरा जळून गेला, आणि भांड्यातली हवा चुन्याच्या निवळीत सोडताच निवळी दुधाळ झाली. कोळसा जाळला तरी हेच होते. परंतु तेवढ्यावरून हिऱ्यात कार्बनशिवाय दुसरे काहीच नाही असे म्हणता येत नव्हते. ते काम १७९७ मध्ये इंग्लंडच्या स्मिथसन टेनंट यांनी पुरे केले. सोन्याच्या नळीत सोऱ्याबरोबर त्यांनी हिरा जाळला आणि निघालेला वायू मोजला. जितक्या वजनाचा हिरा, तितक्याच वजनाच्या कोळशातून जेवढा वायू निघतो, तेवढाच तो भरला. ना गुंजभर कमी, ना गुंजभर जास्त. तराजूने निकाल दिला. शास्त्रात वादविवाद पुष्कळ होतात, पण इतका साधा आणि इतका निर्णायक पुरावा क्वचितच पाहायला मिळतो.

आता वीण पाहा. हिऱ्यात प्रत्येक कार्बन अणूला चार हात, आणि चारही हातांनी त्याने चार दिशांना चार अणू घट्ट धरलेले. अखंड स्फटिकात असाच बांधा, कुठे सैल जागा नाही. म्हणून हिरा सर्वांत कठीण. शिसपेन्सिलीत जे ग्रॅफाइट असते, त्यात प्रत्येक अणू तिघांनाच धरतो आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी जाळी तयार होते. अशा जाळ्या एकावर एक ठेवलेल्या असतात, पण जाळीतल्या अणूंत जेवढे अंतर, त्याच्या दुपटीहून अधिक अंतर दोन जाळ्यांत असते आणि त्यांची एकमेकींवरची पकड अगदी ढिली. कागदावर पेन्सिल टेकवली की वरचे थर पत्त्यांसारखे घसरून कागदाला चिकटतात. तुमचे अक्षर म्हणजे ते घसरलेले थर. चौथा हात मोकळा राहिल्यामुळे ग्रॅफाइटातून वीज वाहते. बॅटरीच्या जुन्या सेलमध्ये मधोमध जी काळी कांडी निघते, ती त्यासाठीच बसवलेली. हिऱ्यातून वीज वाहत नाही. कोळसा आणि काजळ यांतही अशाच जाळ्यांचे तुकडे असतात, पण चिंध्यांच्या गाठोड्यासारखे वेडेवाकडे कोंबलेले.

जाता जाता सांगायला हवे: शिसपेन्सिलीत शिसे नसते. जुन्या काळी ग्रॅफाइट ही शिशाचीच एक जात असावी अशी समजूत होती, तेव्हा नाव पडले ते पडले. १७९५ मध्ये फ्रान्सचे काँते यांनी ग्रॅफाइटच्या पुडीत चिकणमाती कालवून, भाजून कांड्या करण्याची रीत काढली. माती जास्त तर पेन्सिल टणक, ग्रॅफाइट जास्त तर मऊ आणि काळी.

चाणाक्ष वाचक येथे विचारील, की दोन रूपांपैकी खरे, टिकाऊ रूप कोणते? उत्तर जवाहिऱ्यांना आवडणार नाही. आपल्या भोवतालच्या दाबात आणि उष्णतेत टिकाऊ रूप ग्रॅफाइटचे आहे. हिरा हा वस्तुतः चुकून वर आलेला पाहुणा. जमिनीच्या पोटात दीडशे किलोमीटर आणि त्याहून खोल, प्रचंड दाबाखाली तो घडतो आणि ज्वालामुखीच्या उद्रेकात वेगाने वर फेकला जातो. वर आल्यावर नियमाप्रमाणे त्याचे ग्रॅफाइट व्हायला हवे. पण त्यासाठी प्रत्येक अणूने आधी आपले चार हात सोडायला हवेत, आणि तेवढी उष्णता आपल्या हवेत कुठून येणार? दीड हजार अंशांच्या वर, हवा बंद करून तापवला, तर हिऱ्याचे काळे ग्रॅफाइट होते. एरवी तिजोरीतल्या हिऱ्याला अब्जावधी वर्षे धोका नाही, तेव्हा ज्यांनी घेऊन ठेवला असेल त्यांनी निर्धास्त असावे. उलट दिशेचा प्रवास, म्हणजे ग्रॅफाइटापासून हिरा, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत १९५४ च्या डिसेंबरात साधला आणि १९५५ मध्ये जाहीर झाला. आज सुरतेत मिथेन वायूतला कार्बन थरावर थर बसवून हिरे वाढवले जातात. ते खोटे हिरे नव्हेत. वीण तीच, म्हणून हिराही तोच.

कार्बनची रूपे इथेच संपली असे वाटत होते, तो १९८५ मध्ये साठ अणूंचा एक पोकळ चेंडू सापडला. फुटबॉलवर जशी षट्कोनी-पंचकोनी ठिगळे असतात तशीच त्याची घडण. त्याच्या तिघा संशोधकांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आणि २००४ मध्ये मँचेस्टरच्या गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी ग्रॅफाइटाला चिकटपट्टी लावून ओढली, पुन्हा पुन्हा ओढली, आणि एका अणूच्या जाडीची एकच जाळी सुटी केली. ग्राफीन तिचे नाव. २०१० चे नोबेल तिला. चिकटपट्टी आणि पेन्सिल तर तुमच्या-आमच्या मुलांच्या दप्तरातही आहे.

गंधकाबद्दल थोडे. सोलापूर जिल्ह्यात द्राक्षांच्या बागा पुष्कळ. वेलीवर भुरी पडली की बागाईतदार गंधकाची भुकटी धुरळतात किंवा पाण्यात मिसळून फवारतात. या पिवळ्या गंधकात आठ-आठ अणूंची कडी असतात, हातात हात घालून फेर धरल्यासारखी. गंधक ११५ अंशांच्या पुढे वितळते आणि मधासारखा पातळ पिवळा रस होतो. आता कोणताही रस आणखी तापवला की अधिक पातळ व्हावा, हा आपला रोजचा अनुभव. गंधक याच्या उलट वागते. १६० अंशांच्या आसपास ते तांबूस-काळे पडते आणि काकवीहून दाट होते, इतके की भांडे उपडे केले तरी सांडत नाही. कारण फेर तुटून हजारो अणूंच्या लांब साखळ्या झालेल्या असतात आणि त्या एकमेकींत गुंततात. आणखी तापवून ते थोडे पातळ झाले की थंड पाण्यात ओतायचे. मग रबरासारखे ताणले जाणारे, मऊ गंधक हाती येते. चार-आठ दिवस तसेच ठेवा, साखळ्या तुटून पुन्हा फेर धरले जातात आणि गंधक मूळचे पिवळे, ठिसूळ होऊन बसते. हा प्रयोग शाळेत गुरुजींच्या देखरेखीखाली, खिडक्या उघड्या ठेवूनच करावा. गंधकाचा धूर घशाला आणि फुप्फुसांना फार वाईट.

लोखंडाची दोन रूपे आमच्या लोहाराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत, फक्त त्यांची नावे त्याला कोणी सांगितली नाहीत. उसाच्या फडात चालणारा कोयता तो भट्टीत लालबुंद करतो आणि एकदम पाण्यात बुडवतो. याला तो पाणी देणे म्हणतो. साधारण ९१२ अंशांच्या खाली शुद्ध लोखंडाच्या अणूंची एक मांडणी असते, आणि त्याच्या वर दुसरी. पोलादात कार्बन असल्यामुळे हा बदल त्याहून कमी उष्णतेवर सुरू होतो. वरच्या मांडणीत कार्बनला बसायला ऐसपैस जागा आहे, खालच्या मांडणीत जवळजवळ नाही. सावकाश निवू दिले तर कार्बन बाहेर पडून आपली वेगळी सोय लावतो आणि पोलाद मऊ राहते. पाण्यात बुडवल्यावर मात्र मांडणी क्षणात पालटते आणि कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो, सारा सांगाडा ताणून धरतो, आणि पाते कठीण होते. फार कठीण झाले तर ते काचेसारखे तुटेल, म्हणून लोहार ते पुन्हा थोडेसे तापवतो. किती तापवायचे ते तो पात्यावर चढणाऱ्या पिवळ्या-जांभळ्या रंगावरून ओळखतो. थर्मामीटर नसताना त्याची नजर जे काम करते, त्याला तोड नाही.

शेवटी कथील. पितळेच्या पातेल्याला आतून चकचकीत कल्हई असते, ती कथलाची. नवसागर टाकून, पातेले तापवून, कापसाच्या बोळ्याने कल्हईवाला ती फिरवतो. हे चकचकीत पांढरे कथील १३ अंशांच्या वरच टिकाऊ असते. त्याखाली त्याचे राखी, भुकटीसारखे रूप अधिक टिकाऊ. त्यात अणूंची मांडणी हिऱ्यातल्यासारखी, पण धातूपणा जवळजवळ गेलेला. थंड देशांत हे प्रत्यक्ष घडले आहे. १८६८ च्या सुमारास सेंट पीटर्सबर्गला कडाक्याच्या थंडीत गोदामातल्या कथलाच्या लगडी ढासळून भुकटी झाल्या. युरोपातल्या काही चर्चमध्ये वाद्यांच्या कथलाच्या नळ्यांवर असेच फोड उठत, आणि एका ठिकाणी सुरू झाले की शेजारी पसरत. लोक त्याला कथलाचा रोग म्हणत. नेपोलियनच्या सैनिकांची बटणे रशियाच्या थंडीत अशीच विरघळली आणि म्हणून तो हरला, ही गोष्ट मात्र रंगवून सांगितली जाते, तिला भक्कम पुरावा नाही.

मग सोलापूरच्या पातेल्याचे काय? पौषात पहाटे येथेही पारा क्वचित तेराच्या खाली उतरतो. पण नियम लागू होणे वेगळे आणि बदल प्रत्यक्ष घडणे वेगळे. हे रूपांतर शून्याच्या बरेच खाली, कित्येक दिवस गारठा राहिला तरच जोर धरते. शिवाय कथलात थोडे शिसे किंवा बिस्मथ मिसळलेले असले की ते जवळजवळ थांबतेच. आणि यातच एक फसगत आहे. शिसे स्वस्त, म्हणून ते कल्हईच्या कथलात मिसळले जाण्याचा मोह फार. थंडीपासून कथलाचे रक्षण करणारे हे शिसे आमटीतून पोटात जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूला तर ते अगदी थोडेही बाधते. सोलापूरच्या हवेत कथलाला त्या रोगाचे भय नाही, तेव्हा शिशाची गरजही नाही. पुढच्या वेळी कल्हईवाला दारात आला म्हणजे कथील निर्भेळ आहे ना, हे आधी विचारून घ्या आणि मगच पातेले पुढे करा.